शनिवारचं माझगाव

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुरुस्ती. दिवाळीच्या आधी मी इथे लिहिलं आहे की हितेंद्र उकाड्यामुळे गॅलरीत झोपतो. हे चूक आहे. काल त्याने गोधडी नेली, शिवाय कानाला मफलर बांधला. उकाड्यात माणूस मफलर बांधत नाही. शाळेत घालायच्या आधी बाबांनी मला घरीच लिहायला शिकवलं. त्यांचा पहिला नियम होता, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची. म्हणून लिहिते. खरं कारण मी आहे.

मे महिन्यात लग्न झालं. गणपतीपर्यंत तो आतच झोपायचा. आमची लालबागची खोली एक, ओट्याचा कोपरा एक, मध्ये पडदा. सासूबाई, म्हणजे आई, कॉटवर. आम्ही पडद्यामागे. तो जवळ सरकला की मी सांगायचे, "आई जाग्या आहेत." त्या खरंच जाग्या असायच्या. खोटं मी बोलत नाही. मग तो गॅलरीत गेला. आता आम्ही एकमेकांशी दूध, गॅस आणि पाणी या विषयांवर बोलतो.

पण माझ्यात काही असतं, तर आई जाग्या असूनही तो आत राहिला असता. तेव्हा कमी आहे ती माझ्यात. आत्मविश्वासाची.

उपाय सापडला आहे. ऑनलाइन कोर्स, "गेशाची दिनचर्या: आधी स्वतःची काळजी, मग स्वतःची जादू". शिकवणाऱ्या प्रिती मॅडम ठाण्याच्या आहेत, पण जपानला जाऊन आल्या आहेत. (ग्रुप टूर. तरी जाऊन आल्या आहेत.) डिसेंबर संपेपर्यंत मी वेगळी बाई असेन. हितेंद्र स्वतः गोधडी उचलून आत आणेल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

धडा पहिला, स्नान. तांदळाचं पाणी आंबवून ते चेहऱ्याला आणि मानेला लावायचं. मॅडम म्हणतात, शरीराला घाई करू नका, ते तुमच्याकडे आलेला पाहुणा आहे. सकाळी मोरीत पाहुण्याला सावकाश आंघोळ घालत होते, तर आईंनी दारावर थाप मारली. "गो, पाणी जातला! हितेंद्राची आंघोळ रवली हा!" पाहुण्याला दोन तांबे ओतून बाहेर काढलं.

तांदळाचं पाणी स्टीलच्या डब्यात भरून ओट्याखाली ठेवलं आहे. परवापर्यंत आंबेल.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नाश्त्याला आंबोळ्या होत्या. जाळी फारच सुंदर पडली होती. हितेंद्रने पाच खाल्ल्या. आई म्हणाल्या, "रुचाची कमाल! आदीच पाणी आंबवून ठेवलेला. गिरगावची असून कळला तिका." मी काही बोलले नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का, हे ठरवता येत नाहीये. दुसरं पाणी ठेवलं आहे, माळ्यावर.

आणखी एक शंका होती. आपण हे जे शिकतोय ते चांगल्या घरातलं आहे ना? दुपारी ऑफिसमध्ये वाचून काढलं. गेशा या शब्दाचा अर्थ कलेची व्यक्ती. नाच, वाद्य, चहा, बोलणं, सगळं वर्षानुवर्षं शिकतात. लोक समजतात तसं काही नाही. बरं वाटलं. मग मनात आलं, मला शिकायचंय ते लोक समजतात तेच आहे. परत बरं वाटेनासं झालं.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल शनिवार. नेहमीप्रमाणे माझगाव. आईंच्या धाकट्या बहिणीकडे, मीरा मावशींकडे, दर शनिवारी संध्याकाळी आई राहायला जातात आणि रविवारी दुपारी परततात. जून महिन्यापासूनचा नेम आहे. मी बरोबर जाते. मोठ्या माणसाला एकटं पाठवायचं नाही आणि पिशवी आपण धरायची, हे मला माहेरी, गिरगावच्या फणसवाडीत, अक्षरांच्याही आधी शिकवलेलं आहे.

निघताना आई म्हणाल्या, "तू कित्याक येतंस गो? दमलंस आसशीत. रव घराक."

मी म्हटलं, "छे, आई, मी आहे ना."

त्या दर वेळी असं म्हणतात. किती विचार करतात माझा. हितेंद्र म्हणाला, "म्हणजे मी परत एकटाच?" मी त्याला सांगितलं की डाळ-भात झाकून ठेवला आहे.

माझगावला पोचल्यावर मावशींनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आईंना म्हणाल्या, "गो बकुळा, हिका परत आणलंस?"

"मी खय आणलंय? ती येता."

प्रेमाने थट्टा करतात. मी आल्यावर दोघींनी मिळून तांदूळ निवडायला घेतले. मागच्या शनिवारी निवडले होते तेच वाटले. तिघींनी पुन्हा निवडले. एकही खडा निघाला नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

धडा दुसरा, मान. जपानमध्ये स्त्रीचं खरं सौंदर्य मानेच्या मागच्या बाजूला मानतात. म्हणून गेशा किमोनोची कॉलर मागून खाली ठेवते आणि केस वर बांधते. शिकाऊ मुली केस मोडू नयेत म्हणून मानेखाली उंच लाकडी उशी घेतात.

लाकडी उशी नाही. जेवायचा पाट उभा करून त्यावर टॉवेल गुंडाळला आणि सोमवारी रात्री त्यावर मान ठेवली. काल सकाळपासून मान डावीकडे वळत नाही.

पण फायदा झाला. संध्याकाळी केस वर बांधून पाठमोरी उभी होते, तर हितेंद्र मागून म्हणाला, "मान अवघडलीय का?" म्हणजे लक्ष गेलं! सात वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे, ज्याचा आवाज येत नाही त्याकडे तो बघत नाही, तरी माझ्या मानेकडे लक्ष गेलं. त्याने बाम आणून दिला. आईंनी चोळला. खोलीभर वास होता. तो गॅलरीत गेला.

झोपताना स्वतःच्या मानेवर हात फिरवून पाहिला. मऊ आहे. माझीच आहे, पण मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

धडा तिसरा, चाल. पावलं छोटी, गुडघे जुळलेले, जणू पायात कागद धरलाय. चाळीच्या लांब गॅलरीत सराव केला, टोकापासून टोकापर्यंत. हितेंद्रने खालून पाहिलं. जिना चढून आला आणि विचारलं, "पाय मुरगळला?" मी गूढ हसले. (हसणं सहाव्या धड्यात आहे, आधीच वाचून ठेवलं.) त्याने क्रेप बँडेज आणलं.

नोंद: माझ्या प्रत्येक अवयवाकडे त्याचं क्रमाक्रमाने लक्ष जात आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

हितेंद्रच्या कंपनीला पुण्यात, हिंजवडीला, मोठं काम मिळालं आहे. सहा महिने तिथे राहायचं, महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचं. त्याने जेवताना सांगितलं, भाजी संपलीय असं सांगावं तसं. आईंनी विचारलं, जाशील का? तो म्हणाला, "इथे असून तरी काय करतोय?" आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. मी ताटाकडे बघत राहिले.

सहा महिने गेला की तिथेच सवय होईल. मग येऊन पाहुण्यासारखा बसेल, पाणी विचारल्यावर "असू दे, असू दे" म्हणेल. नाही. त्याने नाही म्हटलं पाहिजे. अजून चार आठवडे आहेत आणि चार धडे आहेत. हा योगायोग नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. सकाळी लक्ष्मीचा घट मांडला, आईंबरोबर कहाणी वाचली. अशा दिवशी चौथा धडा करावा का, याचा खूप विचार केला. धडा चहाचा आहे. चहात गैर काही नाही.

गुडघ्यावर बसायचं. उजव्या हाताने ओतायचं, डाव्या हाताने बाही किंचित मागे घ्यायची, म्हणजे मनगटाची आतली बाजू क्षणभर दिसते. फक्त क्षणभर. तेवढ्याने पुरुष आठवडाभर विचार करतो, असं मॅडम म्हणतात. हितेंद्र कामावरून आल्यावर मी पडद्यातून गुडघ्यावर आले. ट्रे खाली ठेवला. बाही मागे घेतली. मनगट दाखवलं.

"भाजलं का?" त्याने विचारलं. मग माझ्या गुडघ्यांकडे बघून, "आणि उठता येत नाहीये का?"

आईंनी माझं मनगट नळाखाली धरलं.

रविवार, ७ डिसेंबर

माझगाव. आईंनी निघताना या वेळी खूपच आग्रह केला. "हितेंद्राक बरा वाटणा नाय. तू रव." हितेंद्र कॉटवर बसून शेंगदाणे खात होता, त्याला काही झालं नव्हतं. आई आपल्यासाठी खोटंसुद्धा बोलायला तयार होतात याने भरून आलं. मी त्यांची पिशवी घट्ट धरली.

मावशींकडे तांदूळ नव्हते. एक जुना स्वेटर उसवायला दिला. उसवून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आता परत विण."

बुधवार, १० डिसेंबर

धडा पाचवा, मौन. जी स्त्री गप्प बसू शकते तिच्याभोवती पुरुष घोटाळतो. सोमवारपासून हितेंद्रशी एक शब्द बोलले नाही, फक्त नजर. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "घसा बसलाय?" दुसऱ्या दिवशी आईंनी आल्याचा काढा दिला. आज सकाळी तो निघताना दारात थांबला, चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. म्हणाला, "रुचा, माझं काही चुकलं असेल तर सांग." मी नजरेने सांगितलं. त्याला कळलं नाही. तो गेला. मी गॅलरीत उभी होते, ओरडले असते तर ऐकू गेलं असतं.

मौन मला जमतं. मला तेच तर जमतं. त्यासाठी कोर्सची गरज नव्हती.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ऑफिसमधल्या मेघनाला थोडं सांगितलं. गेशाचं नाही, फक्त पुण्याचं. आणि सहज, शनिवारी मी माझगावला असते हेही. ती परळच्या चाळीतच वाढलेली, तोंडाला लगाम नाही. डबा खाता खाता थांबली.

"एक मिनिट. तुझी सासू दर शनिवारी बहिणीकडे झोपायला जाते?"

"हो."

"घरात खोली एक. आणि तू तिच्याबरोबर जातेस?"

"एकटं कसं पाठवायचं?"

तिने कपाळाला हात लावला. "अगं बावळट, ती तुमच्यासाठी जाते! माझी आजी कीर्तनाला जायची. कीर्तन कुठे होतं, कोणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या असंच करतात, बोलत कुणी नाही. म्हातारीने स्वतःची खोली सोडून दिली तुझ्यासाठी, आणि तू तिची पिशवी धरून मागे मागे!"

मी तिला सांगितलं की आमच्या आई तशा नाहीत.

रविवार, १४ डिसेंबर

मेघनाचं म्हणणं तपासून पाहायला हवं होतं, म्हणून काल मुद्दाम बरोबर गेले. निरीक्षणं अशी. मावशींकडे कसलंही काम नव्हतं. दोघी बहिणींना एकमेकींशी बोलायलाही काही नव्हतं, दोघी टीव्हीसमोर पेंगत होत्या. जमिनीवर झोपून आईंची कंबर धरली. मावशींनी मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अजून किती शनवार झोपतलंस गो लादीवर?" आई म्हणाल्या, "तिका कळापर्यंत."

मला कळलं.

बाबांनी सगळं शिकवलं. हे शिकवलं नाही. फणसवाडीत आम्हाला दोन खोल्या होत्या.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आता उपाय अगदी सोपा आहे. उद्या एकच वाक्य म्हणायचं. "आई, तुम्ही जा. मी घरी थांबते."

आठवडाभर सराव करते आहे. ऑफिसच्या वॉशरूममध्ये उत्तम जमतं. पण त्याचा अर्थ काय होतो हे मनात आलं की कान तापतात. हे वाक्य म्हणणं म्हणजे सासूला तोंडावर सांगणं की मला तुमचा मुलगा हवा आहे. जपानमधल्या कुठल्या गेशाने हे करून दाखवावं. पांढरा रंग लावून, पंखा धरून कोणीही बसेल. सासूच्या हातात पिशवी देऊन दारात थांबा म्हणावं.

शनिवार, २० डिसेंबर, संध्याकाळी सहा, माझगाव

आईंनी पिशवी घेतली. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, तुम्ही..." त्या थांबल्या. चेहरा एकदम उजळला. "काय गो?"

"तुम्ही पिशवी द्या इकडे. जड आहे."

मंगळवार, २३ डिसेंबर

हितेंद्रने हो कळवलं. एकतीस तारखेला पुणे. शनिवारी रात्री यायचं, रविवारी रात्री परत. नव्या वर्षातला पहिला शनिवार ड्युटी आहे, म्हणजे तोही नाही. जायच्या आधी आता एकच शनिवार उरला आहे, येणारा. त्याने सांगितलं तेव्हा मी शर्टाची बटणं बघत होते. "तुझं काय म्हणणं आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, स्वेटर लागेल.

(स्वेटर तयार आहे. माझगावला विणला तो.)

प्रिती मॅडमना लिहून विचारलं की शेवटचा धडा काय आहे. त्यांचं उत्तर आलं, "सातवा धडा: प्रवेश. दार उघडतानाच सगळं ठरतं."

शनिवार, २७ डिसेंबर, संध्याकाळी साडेपाच

म्हटलं! म्हटलं मी!

"आई, तुम्ही जा. मी घरी थांबते." एका दमात. डोळे मिटून म्हटलं, पण म्हटलं.

आईंनी माझ्या हातातली पिशवी इतक्या झटकन घेतली की एक बंद तुटला. "बरा, बरा. उद्या बारा वाजता येतंय. एक वाजता. जेवान करू नको माझा." जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या, माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि गेल्या. गॅलरीत शेजारणीने विचारलं, सून नाही आज? आई मोठ्याने म्हणाल्या, "तिका काम असा!" पूर्ण चाळीला कळलं की मला काम आहे. कळू दे.

सात वाजता

माळ्यावर परवा नव्याने ठेवलेलं तांदळाचं पाणी काढलं. आंघोळ सावकाश केली, कोणी थाप मारली नाही. मानेला तेल लावलं. केस वर बांधले. निळी साडी. आरशात बराच वेळ पाहिलं आणि नजर खाली गेली नाही. या खोलीत मी एकटी कधीच नव्हते. खोली मोठी वाटते. मीही.

गोधडी गॅलरीतून आत आणून ठेवली आहे. हितेंद्र साडेसहाला सुटतो. आता येईल. दार वाजलं की गुडघ्यावर बसून उघडायचं.

रविवार, २८ डिसेंबर, दुपार

काय झालं ते क्रमाने लिहिते.

आठ वाजता दार वाजलं. मी गुडघ्यावर बसून, ट्रे समोर ठेवून, दार उघडलं. समोर तीन माणसं होती. हितेंद्र, आई, मीरा मावशी. हितेंद्रच्या हातात मिठाईचा बॉक्स, आईंच्या हातात काढ्याचं पातेलं.

तो कामावरून परस्पर माझगावला गेला होता. माझ्यासाठी. "जायच्या आधी एक शनिवार तुझ्यासोबत काढावा म्हटलं. शनिवारी तू तिथेच असतेस ना." मावशींनी त्याला उंबऱ्यातच सांगितलं की ती आज घरी आहे. त्याने विचारलं, घरी? का? दोघी बहिणींना उत्तर देता येईना. मुलाला काय सांगणार? तेव्हा त्याने मान, पाय, मनगट, गुडघे, घसा असा हिशोब लावला, आईंना काढा करायला लावला आणि टॅक्सी केली. आई म्हणाल्या आम्ही येत नाही. तो म्हणाला, ती एवढी आजारी आणि तुम्ही इथे काय करता, मला काय कळतंय आजारपणातलं? मावशी म्हणाल्या की त्यांनी त्याला दोन धपाटे घातले. त्याला वाटलं घाई करायला सांगतात.

तो खाली बसला. माझ्या कपाळावर हात ठेवला. "ताप नाहीये," म्हणाला. मग हात कपाळावरून मानेवर गेला आणि तिथेच थांबला. "तेल लावलंयस?"

"हो."

"छान वास आहे."

आई ओट्याकडे वळल्या, मावशी खिडकीकडे. आमच्या खोलीत वळायला तेवढ्याच दोन दिशा आहेत. मावशी खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "बकुळा, आपण खाली जाऊन पान खाऊया गो?" आई म्हणाल्या, "चल चल." त्याचा हात अजून तिथेच होता. त्या क्षणी मी एकच गोष्ट करायची होती. काहीही न बोलणं. मला जे सगळ्यात चांगलं जमतं ते.

मी म्हटलं, "आई जाग्या आहेत."

आई उभ्या होत्या.

त्याने हात काढला. हसायला लागला. बरंच हसला, मग थांबला, मग डोळे पुसले. काढा सगळ्यांनी थोडा थोडा घेतला. रात्री मावशी कॉटवर झोपल्या, आई माझ्याशेजारी. तो गोधडी शोधत होता. मी ती आत का आणली, हे त्याने विचारलं नाही. पण उचलताना थोडा वेळ हातात धरून उभा राहिला.

बुधवार, ३१ डिसेंबर

हितेंद्र सकाळी गेला. स्वेटर घालून. गॅलरीत सगळे उभे होते. बॅग उचलताना त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "दहा तारखेला येतोय. शनिवार आहे. कुठे येऊ, घरी की माझगावला?"

आईंनी श्वास रोखला. शेजारणीनेसुद्धा.

मी म्हटलं, "बघते."

दुरुस्ती. "बघते" हे चूक आहे. बरोबर उत्तर "घरी" असं आहे. ते त्याला कळवायला हवं. फोन आईंसमोर करावा लागेल, कारण खोली एक आहे. तेव्हा आईंसमोरच करेन. आज नाही, आज त्या रडल्या आहेत. प्रिती मॅडमना कळवून टाकलं की माझा कोर्स पूर्ण झाला आहे.

शनिवार, १० जानेवारी. आई माझगावला जातील. मी घरी असेन. आजारी नसेन.